प्रकाशातून सूर काढणारे दामलेमामा

‘संत तुकाराम’ हा प्रभात फिल्म कंपनीचा बोलपट १९३६ सालचा. विष्णुपंत पागनीस यांनी त्यात गायलेले अभंग आज जवळपास नव्वद वर्षांनीही ऐकता येतात. टाळ वेगळे कळतात, वीणेची तार वेगळी कळते, शब्द लागतात. मात्र त्या काळची फीत हातात धरून उजेडात पाहिली, तर आवाज म्हणावा असे तिच्यावर काहीच दिसत नाही. चित्रांच्या चौकटींच्या शेजारी, काठालगत, जेमतेम अडीच मिलिमीटर रुंदीची एक पट्टी असते आणि तिच्यावर काळ्या-पांढऱ्या छटा असतात. दिव्याचा बारीक झोत त्या पट्टीतून आरपार जातो, पलीकडच्या फोटोसेलवर पडतो, तिथे प्रकाशाची वीज होते आणि पडद्यामागच्या कर्ण्यातून त्या विजेचा आवाज होतो. म्हणजे प्रेक्षक अभंग ऐकतो तो प्रकाशाच्या कमी-जास्त होण्यातून.

प्रकाश ओळखणाऱ्या उपकरणाला आता आपण सरसकट सेन्सर म्हणतो. मोबाइलपासून रस्त्यावरच्या दिव्यांपर्यंत तो सगळीकडे आहे. पण मराठी बोलपट जन्माला आला तेव्हा हे तंत्र अगदी कोवळे होते. ते हाताळून प्रभातच्या पहिल्या बोलपटांना आवाज देणारे गृहस्थ म्हणजे विष्णुपंत गोविंद दामले. सिनेमाच्या वर्तुळात त्यांना दामलेमामा म्हणत. इंजिनिअरची पदवी त्यांच्याकडे नव्हती. ते मुळात नाटकाचे पडदे रंगवणारे चित्रकार होते, आणि वयाच्या चाळिशीला टेकल्यावर त्यांना आपला धंदा नव्याने शिकावा लागला होता.

पेणचा मुलगा, कोल्हापूरचा कारागीर

दामले यांचा जन्म १८९२ चा, पेणचा. पेण तेव्हा कुलाबा जिल्ह्यात होते, आता रायगडमध्ये आहे. तरुणपणी ते कोल्हापूरला आले आणि आनंदराव व बाबूराव पेंटर यांच्या हाताखाली लागले. नाटक कंपन्यांसाठी रंगवलेले पडदे ही त्या कामशाळेची ओळख होती. राजवाडा, जंगल, रस्ता अशी दृश्ये कापडावर अशी उतरवायची की दिव्याच्या उजेडात ती खरी वाटली पाहिजेत. उजेड कुठून येतो, सावली कुठे पडते, कोणता रंग दुरून उठतो, हे या कामात डोळ्यांना आपोआप कळू लागते.

१९१३ साली दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ आला आणि पेंटर बंधूंना सिनेमाचे वेड लागले. परदेशी कॅमेरा विकत घेणे परवडणारे नव्हते, म्हणून तो घरीच बनवायचे ठरले. काम अर्धवट असतानाच १९१६ मध्ये आनंदराव वारले. पुढे बाबूरावांनी ते तडीस नेले आणि त्यात त्यांच्या सोबतीला दामले होते. १९१८ साली कोल्हापुरात जुळवलेला कॅमेरा चालू लागला. कॅमेऱ्यात फीत क्षणभर थांबते, तेवढ्यात झडप उघडते, प्रकाश आत येतो, झडप मिटते, फीत पुढे सरकते. दात्यांची चक्रे आणि स्प्रिंगा यांचा हा मेळ केसभर चुकला तरी चित्र हलते. ब्रश धरणारा हात इथे कानस आणि पान्याला सरावला.

याच मंडळींची महाराष्ट्र फिल्म कंपनी. तिचा ‘सैरंध्री’ १९२० साली आला. या कंपनीत दामले यांचा जोडीदार होता कागलचा शेख फत्तेलाल. सगळे त्यांना साहेबमामा म्हणत. दामलेमामा आणि साहेबमामा ही नावे पुढे मराठी सिनेमात कायम एका दमात घेतली गेली. १९२८ मध्ये दोघांनी मिळून ‘महारथी कर्ण’ हा मूकपट दिग्दर्शित केला. त्यानंतर वर्षभरात, १ जून १९२९ रोजी, दामले, फत्तेलाल, व्ही. शांताराम, केशवराव धायबर आणि सराफ सीताराम कुलकर्णी या पाच जणांनी कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनी काढली. सुरुवातीचे त्यांचे सगळे चित्रपट मुके होते, आणि ते चांगले चालतही होते.

आवाज आला आणि जुने कसब अपुरे पडले

१४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक सिनेमात अर्देशीर इराणी यांचा ‘आलम आरा’ लागला. हिंदुस्थानातला हा पहिला बोलपट. लोकांची झुंबड उडाली आणि मूकपट काढणाऱ्या कंपन्यांचे धाबे दणाणले. प्रभात तेव्हा दोन वर्षांची होती. नवी यंत्रसामग्री महाग होती आणि ती चालवणारी माणसे दुर्मीळ. बोलपट काढला नाही तर प्रेक्षक जाणार, आणि काढून आवाज बिघडला तर पैसाही जाणार, असा पेच होता.

अडचण केवळ यंत्र विकत घेण्याची नव्हती. मूकपटाच्या काळात चित्रीकरण चालू असताना दिग्दर्शक ओरडून सूचना देई, सुतार ठोकाठोक करी, कॅमेरा खडखडे. कुणाचे काही बिघडत नसे. मायक्रोफोनला मात्र सगळेच ऐकू येते. कॅमेऱ्याची खडखड गुंडाळून दाबावी लागली, पंखे बंद झाले, दारे मिटली गेली. ज्या प्रखर आर्क दिव्यांवर सिनेमा उभा होता, ते दिवे गुणगुणत असत. त्या दिव्यांचा दुसरा उपद्रव डॉक्टरांच्या परिचयाचा होता. कार्बनच्या उघड्या ठिणगीतून अतिनील किरण बाहेर पडतात आणि डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याला, म्हणजे पारपटलाला, भाजतात. काही तासांनी डोळे लाल होतात, वाळू गेल्यासारखे खुपतात, उजेड सहन होत नाही. वेल्डिंग करणाऱ्यांना आजही होणारा हाच त्रास १९२० च्या दशकात जगभरच्या नटांना होत असे. बोलपट आल्यावर बिनआवाजाचे तारेचे दिवे मोठ्या प्रमाणावर वापरात आले, आणि कानासाठी केलेल्या या बदलाने डोळ्यांचाही फायदा झाला.

प्रभातच्या पाच भागीदारांपैकी ध्वनिमुद्रणाची जबाबदारी दामले यांनी उचलली. तेव्हा ते अडतीस-एकोणचाळीस वर्षांचे होते.

प्रकाशाची वीज, विजेचा आवाज

जे तंत्र त्यांच्यापुढे आले, त्याची मुळे सत्तावन्न-अठ्ठावन्न वर्षे मागे जातात. १८७३ साली इंग्लंडमधले तारायंत्राचे अभियंते विलोबी स्मिथ यांना समुद्राखालच्या तारांची चाचणी घेताना एक विचित्र गोष्ट आढळली. सेलेनियम या मूलद्रव्याच्या कांड्या उजेडात आल्या की त्यांतून वीज जास्त सहज वाहते आणि अंधारात तिला अडथळा होतो. टेलिफोनचे जनक अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांनी १८८० मध्ये याच गुणाचा उपयोग केला. बोलण्याने थरथरणाऱ्या आरशावरून सूर्यप्रकाश परावर्तित करून त्यांनी तो दूरच्या सेलेनियमवर पाडला आणि दोनशेहून अधिक मीटर अंतरावर, मध्ये तार नसताना, माणसाचा शब्द पोहोचवला. आपल्याकडे जगदीशचंद्र बोस यांनी गॅलिना या खनिजाचा शोधक बनवला. १९०४ साली त्याला अमेरिकेत पेटंट मिळाले. रेडिओलहरींइतकाच तो प्रकाशालाही प्रतिसाद देई.

सेलेनियममध्ये एक खोट होती. ते सुस्त होते. प्रकाश झटकन बदलला तरी त्याची वीज रेंगाळत बदले. माणसाच्या बोलण्यात मात्र सेकंदाला हजारो कंपने असतात. सीझियमसारख्या धातूंचा थर दिलेले फोटोसेल आणि क्षीण वीज वाढवणाऱ्या व्हॉल्व्हच्या नळ्या आल्यावर ही अडचण सुटली. १९२३ मध्ये अमेरिकेत ली डी फॉरेस्ट यांनी फितीवर आवाज छापलेले लघुपट लोकांना दाखवले, आणि दहा वर्षांच्या आत जगभरचा सिनेमा बोलू लागला.

ध्वनिमुद्रणाची रीत अशी. मायक्रोफोन आवाजाची वीज करतो. ती वीज एका दिव्याच्या झोताला कमी-जास्त किंवा अरुंद-रुंद करते. हा झोत सरकत्या फितीवर पडतो आणि फीत धुतल्यावर आवाजाचे चित्र उमटते. काही यंत्रांत ते फिकट-गडद आडव्या रेघांचे असते, काहींत डोंगररांगेसारख्या कडेचे. चित्रपटगृहात हाच प्रवास उलट्या दिशेने होतो.

फीत सेकंदाला २४ चौकटी, म्हणजे साधारण ४५७ मिलिमीटर या वेगाने धावते. सेकंदाला २४० कंपने असलेला एखादा सा घेतला, तर त्याच्या एका लाटेला फितीवर जवळपास दोन मिलिमीटर जागा मिळते. ‘स’ किंवा ‘श’ उच्चारताना मात्र सेकंदाला चार हजार आणि त्याहून अधिक कंपने होतात. अशा सुमारे नऊ लाटा एका मिलिमीटरमध्ये माववाव्या लागतात. प्रकाशाची फट केसाहून बारीक हवी, भिंग अचूक हवे, फीत एकसारख्या वेगाने धावायला हवी. वेग किंचित डळमळला तरी गाणे बेसूर होते. धुण्याच्या रसायनाचे तापमान चुकले तर छटा बिघडतात आणि आवाज फाटतो. ओरखडा किंवा धूळही फोटोसेलला आवाजच वाटते. जुन्या चित्रपटांतली खरखर तिथून येते.

कॅमेरा जुळवण्यात आणि चित्राच्या छटा ओळखण्यात वीस वर्षे घालवलेल्या माणसाला या कामात कुठे पाय रोवता येईल, हे यावरून कळते. वीज आणि ध्वनी हे विषय दामले यांना नवे होते. पण प्रकाश, फीत, रसायन आणि चक्रे यांच्याशी त्यांची जुनी ओळख होती.

‘अयोध्येचा राजा’

१९३२ साली प्रभातचा पहिला बोलपट आला. मराठीत ‘अयोध्येचा राजा’ आणि हिंदीत ‘अयोध्या का राजा’. शांतारामांचे दिग्दर्शन, गोविंदराव टेंबे हरिश्चंद्राच्या भूमिकेत आणि संगीतही त्यांचेच, दुर्गा खोटे तारामती, आणि ध्वनिमुद्रण दामले यांचे. पार्श्वगायनाची सोय तेव्हा नव्हती. हिंदुस्थानी चित्रपटात ती आली १९३५ च्या ‘धूप छाँव’पासून. त्याआधी नटाला कॅमेऱ्यासमोर अभिनय करता करताच गावे लागे आणि साथीदार चौकटीबाहेर, मायक्रोफोनच्या आवाक्यात बसत. नट दोन पावले सरकला की आवाज क्षीण होई, तबला जवळ आला की शब्द बुडत. कोण कुठे बसेल, मायक्रोफोन कुठे टांगायचा, याचा हिशेब टेक घेण्याआधीच करावा लागे. नंतर दुरुस्तीला फारशी जागा नव्हती.

आणखी एक काटा होता तो ओठ आणि शब्द जुळण्याचा. प्रोजेक्टरमध्ये भिंगासमोर फीत थांबत थांबत जाते. फोटोसेलसमोर मात्र ती सलग सरकायला हवी. म्हणून आवाज त्याच्या चित्रापेक्षा सुमारे २० चौकटी पुढे छापतात. ही जुळणी चुकली की पडद्यावरची तारामती आधी रडते आणि हुंदका नंतर येतो.

मेंदू या बाबतीत एका बाजूला काटेकोर असतो, तर दुसऱ्या बाजूला दिलदार. शब्द ओठांच्या आधी ऐकू आला तर अगदी थोडा फरकही खटकतो. शब्द किंचित उशिरा आला तर मेंदू सांभाळून घेतो. त्याचे कारण निसर्गात आहे. प्रकाश लगेच पोहोचतो आणि आवाजाला वेळ लागतो. सतरा मीटरवरच्या माणसाचा शब्द आपल्याला सेकंदाच्या विसाव्या भागाने उशिरा ऐकू येतो. वीज आधी दिसते, गडगडाट नंतर येतो. जन्मापासून हाच क्रम अनुभवलेल्या मेंदूला उशीर चालतो, घाई चालत नाही.

प्रभातचे बोधचिन्ह होते तुतारी फुंकणाऱ्या स्त्रीचे. बोलपट आला आणि ती तुतारी पहिल्यांदा प्रेक्षकांच्या कानांपर्यंत पोहोचली.

तुकोबांचा आवाज

१९३३ मध्ये प्रभात कोल्हापूरहून पुण्याला आली. ‘अमृतमंथन’ तिथला पहिला बोलपट. आवाजाचे तंत्र एव्हाना हातात बसले होते. १९३६ मध्ये दामले आणि फत्तेलाल पुन्हा जोडीने दिग्दर्शनाकडे वळले आणि ‘संत तुकाराम’ तयार झाला. कथा-संवाद शिवराम वाशीकरांचे, संगीत केशवराव भोळे यांचे, तुकाराम विष्णुपंत पागनीस आणि आवली गौरी. शांताराम आठवले यांनी या चित्रपटासाठी लिहिलेली एक रचना लोकांना इतकी अस्सल वाटली की अनेकांनी ती तुकोबांचीच मानली.

१२ डिसेंबर १९३६ रोजी मुंबईच्या सेंट्रल सिनेमात तो लागला आणि वर्षाहून अधिक काळ चालला. १९३७ च्या व्हेनिस महोत्सवात त्याचा गौरव झाला. मराठीचा एक शब्दही न कळणाऱ्या परीक्षकांपर्यंत तो पोहोचला, यात गौरीची बोलण्याची ढब, टाळांचा नाद आणि पागनीसांचा लागलेला स्वर यांचा वाटा मोठा आहे.

या चित्रपटात आवाज दाखवण्यासाठी वापरलेला नाही. नदी, जनावरे, घरातली भांडणे, भजन हे सगळे एका गावाच्या आवाजासारखे येते. भजनाचा आवाज मराठवाड्याला नवा नाही. आजचा धाराशिव जिल्हा त्या काळी निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. याच जिल्ह्यातल्या तेरला गोरोबाकाकांची समाधी आहे. जिथे पिढ्यान्‌पिढ्या टाळ-पखवाजाच्या साथीने अभंग म्हटले जात, त्या मुलखातल्या कानाला सिनेमातला खोटा टाळ लगेच कळला असता. फितीवरच्या अडीच मिलिमीटरच्या पट्टीला या जाणकार कानांच्या कसोटीला उतरायचे होते.

‘संत तुकाराम’नंतर दामले-फत्तेलाल जोडीने ‘गोपाळकृष्ण’ आणि ‘संत ज्ञानेश्वर’ केले. ‘संत सखू’त राजा नेने त्यांच्यासोबत होते. एक पेणचा ब्राह्मण आणि एक कागलचा मुसलमान, दोघांनी मिळून महाराष्ट्राच्या संतांना पडद्यावर आणले, आणि तेव्हा त्याचे कुणाला नवल वाटले नाही. १९४२ मध्ये शांताराम प्रभातमधून बाहेर पडले. ५ जुलै १९४५ रोजी दामले यांचे निधन झाले. पन्नाशी नुकतीच ओलांडली होती. प्रभातचे पुण्यातले आवार पुढे सरकारने घेतले आणि १९६० मध्ये तिथे फिल्म इन्स्टिट्यूट सुरू झाली.

प्रकाशाचे वाद्य

फितीवर आवाजाचे चित्र उमटते हे कळल्यावर काही लोकांच्या मनात साहजिक प्रश्न आला. गायकाशिवाय नुसते चित्रच काढले तर? दामले ‘अयोध्येचा राजा’चे ध्वनिमुद्रण करत होते त्याच सुमारास, १९३२ मध्ये, जर्मनीत ऑस्कर फिशिंगर आणि रुडॉल्फ फेनिंगर हे दोघे आपापल्या परीने फितीवर आकृत्या रेखाटून त्यांचे सूर ऐकत होते. पुढे इंग्लंडमध्ये डॅफ्नी ओरॅम यांनी आणि सोव्हिएत रशियात येवगेनी मुर्झिन यांनी रेघांचे संगीत वाजवणारी मोठी यंत्रे बनवली. दोन्हींच्या पोटात प्रकाश आणि फोटोसेल होते.

१९६० च्या दशकात अमेरिकेत मूग आणि बुक्ला यांचे मॉड्युलर सिंथेसायझर आले. यात सूर काढणारा, गाळणारा, वाढवणारा असे वेगवेगळे डबे तारांनी जोडतात. भारतातही १९६९ मध्ये अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत मूग सिंथेसायझर बसवला गेला होता. या यंत्रांना सूर सांगितला जातो विजेच्या दाबाने. मूगच्या पद्धतीत दाब एक व्होल्ट वाढला की सूर एक सप्तक वर जातो. मग तो दाब पट्टीने दिला काय किंवा प्रकाश ओळखणाऱ्या एलडीआरने दिला काय, यंत्राला फरक पडत नाही. एलडीआरवर हाताची सावली पडली की सूर उतरतो आणि हात काढला की चढतो. बुक्ला यांनी तर सेलेनियमची जुनी खोटच कामाला लावली. त्यांच्या एका डब्यात छोटा दिवा आणि एलडीआर एकत्र बंद केलेले असतात. दिवा विझला तरी एलडीआर किंचित रेंगाळतो, त्यामुळे सूर एकदम तुटत नाही, ढोलकीवरच्या थापेसारखा विरत जातो.

हे समजायला महाग यंत्र लागत नाही. एक एलडीआर, ५५५ क्रमांकाची आयसी, दोन-तीन सुटे भाग, नऊ व्होल्टची बॅटरी आणि छोटा स्पीकर एवढ्यावर शाळेतल्या विज्ञान प्रदर्शनात असे वाद्य उभे राहते. तुळजापूर-उमरग्याच्या भर उन्हात ते किंचाळेल आणि झाडाच्या सावलीत खर्जात जाईल.

शस्त्रक्रियागृहातला सूर

वैद्यकातही हेच तंत्र रोज वापरात आहे. पल्स ऑक्सिमीटर बोटाला लावतात तेव्हा एका बाजूने लाल आणि अवरक्त असे दोन प्रकारचे प्रकाश बोटातून जातात आणि दुसऱ्या बाजूचा सेन्सर ते मोजतो. ऑक्सिजन असलेले रक्त आणि नसलेले रक्त हे दोन प्रकाश वेगवेगळ्या प्रमाणात शोषतात. त्या फरकावरून ऑक्सिजनची टक्केवारी निघते. ही युक्ती १९७० च्या दशकात जपानमध्ये ताकुओ आओयागी यांनी शोधली. शस्त्रक्रियागृहातल्या यंत्रात नाडीच्या प्रत्येक ठोक्याला टिक असा आवाज येतो आणि ऑक्सिजन कमी झाला की त्याची पट्टी उतरते. भूल देणाऱ्या डॉक्टरचे डोळे दुसरीकडे असले तरी कान त्या सुरावर असतात. सूर उतरला की आकडा पाहण्याआधीच हात हलतो.

फितीवरची धूळ जशी फोटोसेलला फसवते, तसेच इथेही होते. नखावर गडद नेलपॉलिश असेल, बोट गार पडले असेल, हात हलत असेल किंवा सेन्सरवर बाहेरचा प्रखर उजेड पडत असेल, तर आकडा चुकू शकतो. सावळ्या त्वचेच्या रुग्णांत यंत्र कधी कधी प्रत्यक्षापेक्षा जास्त ऑक्सिजन दाखवते. घरी ऑक्सिमीटर वापरणाऱ्यांनी बोट पुसून, ऊब देऊन, हात स्थिर ठेवून आकडा घ्यावा. आणि आकडा चांगला असला तरी दम लागत असेल तर डॉक्टरांकडे जावे.

ऐकणाऱ्याचा कान

दामले यांनी ज्या बारीक लाटांसाठी धडपड केली, त्या ‘स’ आणि ‘श’च्या लाटा म्हातारपणी आधी हरवतात. आतल्या कानात आवाजाची वीज करणाऱ्या सुमारे पंधरा हजार केसपेशी असतात. माणसात त्या एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत, आणि उंच स्वर टिपणाऱ्या पेशी सर्वांत आधी झिजतात. अशा माणसाला आवाज येतो, पण शब्द लागत नाही. ‘साठ’ म्हटले की ‘आठ’ ऐकू येते, ‘सात’चा ‘हात’ होतो. घरचे म्हणतात, लक्ष देत नाहीत. औषधाची मात्रा सांगताना अशी चूक महागात पडू शकते.

वयाचा दोष टळत नसला तरी आवाजाचा मार टाळता येतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत सुरक्षित मानता येतो. पुढे दर ३ डेसिबलला ही मुदत निम्मी होते. १०० डेसिबलला आठवड्याची मुभा सुमारे २० मिनिटांत संपते. मिरवणुकीतला डीजे ही पातळी सहज ओलांडतो. त्याच मिरवणुकांतल्या लेसरने डोळ्याच्या पडद्याला इजा झाल्याच्या घटनाही राज्यात घडल्या आहेत. मळणी यंत्र किंवा ट्रॅक्टरवर तासन्‌तास काम करणाऱ्या शेतकऱ्यांनी कानात फोमचे बोळे घालावेत. टीव्हीचा आवाज वरचेवर वाढवावा लागत असेल, गर्दीत बोलणे कळत नसेल, कानात सतत गुणगुण होत असेल, तर कान-नाक-घसा विभागात श्रवण चाचणी करून घ्यावी. कित्येकदा नुसता मळ काढल्याने काम होते. नवजात बाळाची श्रवण तपासणी पहिल्या महिन्यात व्हावी. दोष असल्यास तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान आणि सहाव्यापर्यंत उपचार सुरू झाले, तर मूल बोलायला शिकण्याची शक्यता खूप वाढते.

जानेवारी २००३ मध्ये पुण्यात जुन्या नायट्रेट फितींच्या साठ्याला आग लागली आणि प्रभातच्या काही मूळ फिती तिच्यात गेल्या. नायट्रेटची फीत ज्वालाग्राही असते, हा त्या काळच्या सिनेमाचा जन्मजात धोका. ‘संत तुकाराम’ मात्र आपल्याजवळ राहिला आहे. घरातल्या वडीलधाऱ्यांना तो एकदा लावून द्यावा. पागनीसांचा शब्द त्यांना स्पष्ट लागतो का, की नुसता सूर कानावर पडतो, हे शेजारी बसून सहज विचारावे. शब्द लागत नसेल तर पुढच्या आठवड्यात त्यांना कानाच्या तपासणीला घेऊन जावे.